बँजोवाले बंडखोर

घराण्याची चौकट ओलांडली की ज्येष्ठांच्या भुवया उंचावतात. आपल्या माळव्यात, देवासला राहून कुमार गंधर्वांनी ते पुरेपूर अनुभवलं. अमेरिकेतल्या केंटकीतही असंच घडलं होतं, म्हणून आज ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या बँडविषयी.

ब्लूग्रास ही बिल मन्रो यांनी घडवलेली शैली. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार, उभा बास. विजेचं वाद्य वर्ज्य. १९७१ साली सॅम बुश आणि त्याचे तीन साथीदार जुना बँड सोडून बाहेर पडले. लांब केस, विजेवरचा बास, आणि एकेक गाणं बराच वेळ फुलवत नेण्याची हौस. पहिल्याच रेकॉर्डवर जेरी ली लुईसचं रॉक अँड रोल! सनातनी रसिक बिथरले. याला ब्लूग्रास म्हणायचंच नाही, असा त्यांचा सूर. मला मात्र सॅमच्या मँडोलिनचा तो तुटक, खटकेबाज ठेका ऐकला की थेट मन्रोच आठवतात. शिकवणी पक्की असल्याशिवाय अशी मोडतोड जमत नाही हो!

पुढे त्यांनी रॉक गायक लिऑन रसेलला साथ केली. १९८१ मध्ये दोघे गेले, दोघे आले. आलेल्यांपैकी एक बेला फ्लेक, न्यूयॉर्कचा बँजोवादक. नाव हंगेरीच्या बार्टोकवरून ठेवलेलं. जॉन कावनचा चढा, खुला आवाज आणि बेलाचा बँजो ही जोडी मला सर्वांत आवडते. पण दैव पाहा. १९८९ मध्ये ‘कॉलिन बॅटन रूज’ जरा कुठे गाजलं आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला, ग्रेटफुल डेडच्या आधी वाजवून, बँड विसर्जित! तेच गाणं नंतर गार्थ ब्रुक्सने गाऊन अफाट लोकप्रिय केलं. साथीला हीच मंडळी होती, पण नाव त्याचं झालं. ब्लूग्रासच्या मानकऱ्यांत त्यांना स्थान मिळालं ते थेट २०२० मध्ये. तोवर मूळ बँजोवादक कोर्टनी जॉन्सन जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

बेला मात्र आपल्या अंगणापर्यंत आला. झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि एडगर मेयर यांच्याबरोबरच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तबल्याचा बोल पडतो आणि बँजो तो अलगद उचलतो, ते जरूर ऐका. झाकीरभाई त्याच वर्षी डिसेंबरात गेले.