वकिलीसाठी चौथ्या वर्षाचा भुर्दंड कशाला?



नव्या शैक्षणिक धोरणाने (2020) पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची केली. सोबत 'मेजर' आणि 'मायनर' विषय आले. ज्या पोरापोरींना पुढे वकिली करायची, त्यांच्या घरी आता दोन प्रश्न आहेत : चौथे वर्ष करावे काय? मायनर कोणता घ्यावा?

आमचे मत सरळ आहे. एलएल.बी.च्या प्रवेशाला चौथ्या वर्षाचा काडीचा उपयोग नाही. तीन वर्षांची पदवी पुरते. खुल्या वर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. एवढा उंबरठा ओलांडला की नंबर लागतो तो सीईटीच्या गुणांवर. त्यात ना मायनर मोजतात, ना ऑनर्स.

हिशेब करा. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कायदा केला तर पाच वर्षे. तीन वर्षांच्या पदवीनंतर सहा. ऑनर्स करून गेलात तर सात. हे वाढीव वर्ष म्हणजे खोली, मेस आणि एसटीचा खर्च. कोरडवाहू कापसाच्या पट्टीतून तो निघत नाही, सावकाराकडून निघतो. सनद मिळाली तरी सुरुवातीला ज्युनिअरच्या हाती फारसे पडत नाही, हेही धरून चाला. ज्याला संशोधन करायचे त्याने चौथे वर्ष जरूर करावे.

मायनर घ्यायचा तो पुढच्या कामासाठी. अर्थशास्त्र किंवा हिशेब घ्या. कर्जाचा खातेउतारा आणि पीकविम्याची अट वाचता येईल. उरलेला वेळ सीईटीला द्या. ती मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

एक धोका मात्र ओळखा. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, तर बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार ती एलएल.बी.ला चालत नाही. बारावी सोडू नका.

1955 चा आवश्यक वस्तू कायदा, 1961 चा जमीनधारणेचा कायदा, 1951 साली घटनेत घुसवलेले नववे परिशिष्ट : आमच्या गळ्यातले फास कायद्याचेच आहेत. ते सोडवायला आमच्या घरचे वकील लागतील, आणि लवकर लागतील.