मामाजींच्या मोज्यांवरच्या विटा

मे महिन्यात भाजून काढणारे आमचे वर्धा डिसेंबरअखेरीस पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि मग घराघरांतून गरम पाण्याच्या पिशव्या निघतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका पिशवीने माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, उजवा तळवा भाजला. त्यांना मधुमेह होऊन २२ वर्षे झाली. पायांची जाणीव बरीचशी गेलेली. पिशवी रात्रभर पायाशी राहिली आणि त्यांना काहीही कळले नाही. सकाळी पांघरुणाची घडी करताना मला फोड दिसला. ती जखम भरायला अडीच महिने लागले. म्हणून यंदा सासूबाईंनी दिवाळीतच जाहीर केले, की पिशवी आणि शेगडी दोन्ही बंद. मामाजींसाठी त्या स्वतः मोजे विणणार.

नक्षीचा प्रश्न माझ्या बारा वर्षांच्या मुलाने सोडवला. आजोबा आणि नातू रोज संध्याकाळी मोबाइलवर टेट्रिस खेळतात. वरून विटा पडत राहतात, त्या फिरवून खाली फट न ठेवता रचायच्या; एक ओळ पूर्ण भरली, की ती नाहीशी होते. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव या संगणकतज्ज्ञाने हा खेळ तयार केला. नव्या खेळांची भिरभिर मामाजींना सोसत नाही, हा मात्र जमतो. (नातू अधूनमधून मुद्दाम हरतो, असा मला संशय आहे.) आजोबांच्या मोज्यांवर याच विटा हव्यात, असा त्याने हट्ट धरला.

हा खेळ विणकामाला फार सोयीचा निघाला, कारण त्यातल्या सातही आकृत्या प्रत्येकी चार चौकोनांच्या आहेत. दोसुतीवर फुले भरलेल्यांना चौकोन मोजून चित्र उतरवणे नवे नाही. अडचण एवढीच, की लोकरीचा टाका चौकोनी नसतो; तो उंचीपेक्षा रुंद असतो. एका चौकोनाला एक टाका धरला, तर विटा चेपल्यासारख्या दिसतात. सासूबाईंनी आधी लहानसा नमुना विणला, पट्टीने मोजला आणि हिशेब बसवला : तीन टाके आणि चार ओळी मिळून एक चौकोन. मोज्याच्या घेराला ६० टाके, म्हणजे २० चौकोन. हे ऐकून नातू उडालाच. खेळाचा पट १० चौकोन रुंद असतो, तेव्हा पायाभोवती बरोबर दोन पट बसणार होते. सासूबाईंची शाळा सेवाग्रामजवळची. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानले, त्याची सावली त्यांच्या लहानपणापर्यंत टिकून होती. टकळीवर सूत कातून तार मोजलेल्या बाईला आलेखाच्या कागदाचे काय भय!

फजिती तरीही झाली. मोजा त्या वरच्या काठाकडून पावलाकडे विणत होत्या आणि कागद मात्र सवयीने खालून वर वाचत होत्या. परिणामी रचलेल्या विटांचा ढीग पोटरीशी लटकला आणि पडणाऱ्या विटा घोट्यापाशी उलट्या तरंगू लागल्या. सगळे उसवून, कागद उलटा धरून पुन्हा प्रारंभ झाला.

खरी चूक याहून मोठी होती आणि ती आम्हा दोघींच्याही ध्यानात आली नाही. हौसेपोटी विटा थेट बोटांपर्यंत विणल्या होत्या. दोन रंगांनी विणताना जो रंग वापरात नसतो, त्याचा धागा आतल्या बाजूने पुढे न्यावा लागतो. आडवी लांब वीट बारा टाक्यांची; तेवढा, म्हणजे चार सेंटिमीटरहून लांब, सुटा धागा आत राहतो. मोजा चढवताना अशाच एका धाग्यात मामाजींची करंगळी अडकली आणि नख उचकटले. जाणीव असलेला माणूस कळवळून थांबला असता. मामाजी दिवसभर घरात वावरले. लोकर गडद निळी, त्यामुळे डाग दिसला नाही. तो रात्री चादरीवर दिसला.

पाय दाखवायला नेले, तेव्हा परिचारिकेने आधी मोजा उलटा करून पाहिला आणि आमच्याकडे काहीशा करुणेने बघितले. मग नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून, डोळे मिटलेल्या मामाजींना ‘कळते का?’ असे विचारले. हा तंतू दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. मामाजी बहुतेक वेळा गप्प राहिले. पत्नीने अठरा संध्याकाळी खपून विणलेल्या मोज्यांना नावे ठेवणे त्यांच्या जिवावर येत होते, त्यामुळे बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘‘मोजे ऊबदार होते हो.’’

सासूबाईंनी त्याच रात्री मोजे उसवायला घेतले. नवी जोडी फिक्या साईच्या रंगाची आहे, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसावा. पाऊल पूर्ण साधे, आतून गुळगुळीत, बोटांशी जाड शिवण नाही. विटा फक्त घोट्याच्या वर आणि त्याही विणलेल्या नाहीत. साधा मोजा तयार झाल्यावर बोथट सुईने एकेका टाक्यावरून रंगीत लोकर फिरवून भरलेल्या. त्यामुळे आत लांब धागे राहत नाहीत आणि मोजा ताणलाही जातो. काठ सैल ठेवला आहे. मोजा काढल्यावर पोटरीवर वळ उमटला, तर काठ घट्ट आहे असे समजावे. डॉक्टरांनी सुजेसाठी दाबाचे मोजे सांगितले असतील, तर त्यांची जागा हे मोजे घेऊ शकत नाहीत. एकच पाय गार पडत असेल, त्याचा रंग बदलत असेल किंवा चालताना पोटरी दुखत असेल, तर लोकर गुंडाळत बसू नये. तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. आणि गुळगुळीत फरशीवर लोकरीच्या मोज्यांनी पाय हमखास घसरतो. मामाजी आता घरातही मागे पट्टा असलेल्या चपला घालतात, त्याही आधी आत हात फिरवून.

सासूबाईंच्या स्वतःच्या बोटांना संधिवात आहे. जाड मुठीची सुई आणि वीस मिनिटांनी विश्रांती, हा नियम मी घालून दिला. त्यांनी तो मान्य केला आणि बऱ्याचदा मोडला.

रात्री मोजे काढण्याचे काम नातवाकडे आहे. तो विजेरी घेऊन बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे बघतो आणि काही दिसले तर मला हाक मारतो. डाव्या मोज्यावरची सर्वांत खालची ओळ एका चौकोनाने अपुरी आहे. तांबडी लोकर संपली, असे सासूबाई सांगतात. मामाजींचे म्हणणे असे, की ती भरली असती, तर नियमाप्रमाणे नाहीशी झाली असती.