विश्लेषण : चर्चमधले 'वडील' कोण असतात? मंडळीच्या कारभारात आणि मालमत्तेत त्यांचा शब्द किती चालतो?

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावात छोट्या ख्रिस्ती मंडळीला पूर्णवेळ पाळक परवडेलच असं नाही. एकाच पाळकाकडे दोन-तीन गावं असली, तर रविवारची उपासनाही पाळीपाळीने होते. मग आठवड्याच्या मधल्या दिवशी आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला कोण जातं? दानाच्या पैशाचा हिशेब कोण ठेवतं? दफनभूमीच्या जागेसाठी तहसीलमध्ये चकरा कोण मारतं? अनेक मंडळ्यांमध्ये याचं उत्तर एकच असतं : मंडळीतले 'वडील', म्हणजे एल्डर.

बिशप आणि फादर हे शब्द बहुतेकांना माहीत असतात, वडील फारसे कुणाला माहीत नसतात. पण चर्चच्या कारभारावरून वाद झाला की बहुतेक वेळा प्रश्न त्यांच्याच अधिकाराचा असतो.

हे पद आलं कुठून?

नव्या करारात 'प्रेस्बुतेरॉस' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा साधा अर्थ वयाने मोठा माणूस. मराठी बायबलने त्यासाठी 'वडील' हा शब्द घेतला. ज्यू समाजात अशा वडिलांची परंपरा आधीपासून होती. पौल आणि बर्णबा यांनी ठिकठिकाणच्या मंडळ्यांमध्ये वडील नेमल्याचा उल्लेख 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे.

तीमथ्य आणि तीताला लिहिलेल्या पत्रांत या पदासाठी लागणारे गुण दिले आहेत. माणूस व्यसनी नको, पैशाचा लोभी नको, भांडखोर नको, घर नीट चालवणारा हवा. शिकवता येणं ही अटही आहे, पण बाकी जवळपास सगळ्या अटी वागणुकीच्या आहेत. संपत्ती किंवा घराण्याची अट नाही.

१५४१ मध्ये जॉन कॅल्विनने जिनिव्हातल्या चर्चसाठी नियम केले. त्यात पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदं ठरली. पाळकासोबत सामान्य सभासदांतून निवडलेले लोकही चर्च चालवतील, ही पद्धत पुढे प्रेस्बिटेरियन चर्चमधून जगभर गेली.

सगळ्याच चर्चमध्ये वडील असतात का?

नाही. कॅथलिक चर्चमध्ये निर्णयाचा अधिकार बिशप आणि धर्मगुरूंकडे असतो. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. तिथल्या चर्चनाही हीच पद्धत लागू आहे. पॅरिश कौन्सिल असली, तरी ती फक्त सल्ला देते.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये चित्र वेगळं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणजे सीएनआय तयार झालं. त्यात बिशप आहेत, पण स्थानिक कारभारासाठी सभासदांनी निवडलेली पास्टोरेट कमिटीही आहे. वऱ्हाडात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे आणि अकोला हे त्याचं महत्त्वाचं केंद्र राहिलं. या परंपरेत स्थानिक मंडळीच्या वडिलांना मोठं स्थान आहे. स्वतंत्र चर्चमध्ये मात्र कुठे वडील निवडून येतात, कुठे पाळकच त्यांना नेमतो.

त्यांचं काम काय?

ढोबळमानाने तीन. पहिलं, लोकांची काळजी : आजाऱ्यासाठी प्रार्थना, घरातल्या भांडणात समेट, लग्न आणि मयतीला उभं राहणं. दुसरं, पाळकाला साथ देणं आणि गरज पडली तर जाब विचारणं. तिसरं, पैसा आणि मालमत्तेवर लक्ष.

दुसरं काम सगळ्यात अवघड. वडील पाळकानेच नेमलेले असतील, तर ते जाब कसा विचारणार? आणि वर्षानुवर्षं दोन-तीन घराण्यांचेच वडील असतील, तर त्यांना कोण विचारणार? नव्या कराराने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरची तक्रार घेऊ नये, पण दोष दिसला तर सगळ्यांसमोर कानउघाडणी करावी, असं पौल सांगतो.

वाद होतो कशावरून?

बहुतेक वेळा जमिनीवरून. मिशनच्या काळात चर्च, शाळा, दवाखाने यांच्यासाठी घेतलेल्या जागा आज शहराच्या मध्यात आल्या आहेत आणि त्यांचे भाव प्रचंड वाढले आहेत.

इथे एक मोठा गैरसमज आहे. मंडळीचा वडील म्हणजे आपोआप कायद्याने विश्वस्त नव्हे. महाराष्ट्रात चर्चचा ट्रस्ट सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली येतो. विश्वस्त बदलले तर कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जमीन विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तर कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. वडिलांनी बैठकीत ठराव केला, म्हणून व्यवहार पक्का होत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या खटल्यात हाच धडा दिला. हे चर्च सीएनआयमध्ये विलीन झाल्याचा ठराव झाला होता. पण नुसत्या ठरावाने नोंदणीकृत ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते, असं न्यायालयाने सांगितलं.

महिला वडील होऊ शकतात का?

ते चर्चवर अवलंबून आहे. सीएनआयमध्ये महिला पाळकही होतात. अमेरिकेतल्या अलायन्सने २०२३ मध्ये महिलांना 'पास्टर' म्हणायला मान्यता दिली, पण एल्डरचं पद पुरुषांपुरतंच ठेवलं.

सभासदांनी काय पाहावं?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. तालुक्याच्या गावात तर मंडळी मोजक्या घरांची असू शकते. तिथे एक वाद कोर्टात गेला, तरी अख्खी मंडळी दुभंगते.

म्हणून तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात : वडील कोण आणि कसे निवडतं, त्यांची मुदत किती, आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत विश्वस्त म्हणून आज कुणाची नावं आहेत. यातली तिसरी गोष्ट अनेकदा भांडण सुरू झाल्यावरच तपासली जाते. नोंदीत वारलेल्या माणसांचीच नावं राहिली असतील, तर आजच्या वडिलांचा मंडळीत कितीही मान असला, तरी जमिनीच्या कागदावर त्यांच्या सहीला वजन नसतं.