छातीचा डॉक्टर म्हणजे नेमका कोण?

‘एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून या’ असे सुचवले की बहुतेकांच्या मनात दोनच शंका येतात : हृदयाचे काही आहे का, किंवा क्षय तर नाही ना? दुसऱ्या शंकेला इतिहास आहे. ही शाखा आपल्याकडे क्षयरोगाच्या रुग्णालयांच्या आधाराने वाढली. मुंबईत शिवडीचे रुग्णालय त्याची साक्ष देते. पदवीच्या नावातही पूर्वी ‘टीबी’ हा शब्द असे. आज तिला ‘रेस्पिरेटरी मेडिसिन’ म्हणतात. पण जुना धसका गेलेला नाही, आणि लग्नाच्या मुलीला तिकडे नेताना घरचे अजूनही आडवेळ शोधतात.

एमबीबीएसची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक, त्यानंतर प्रवेशपरीक्षा आणि एमडीची तीन वर्षे, असा हा अभ्यासक्रम आहे. काही जण पुढे डीएमसाठी आणखी तीन वर्षे देतात. या काळात दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे, फुफ्फुसाभोवतीचे पाणी काढणे, व्हेंटिलेटरवरील रुग्ण सांभाळणे हे सारे हाताखालून जाते. माझ्या लेखी मात्र त्यांची खरी मिळकत वेगळी आहे : एक्स-रेवरील सारख्याच दिसणाऱ्या डागांमागची निरनिराळी कारणे ओळखणे.

आपल्या शिरवण्यात याला विशेष अर्थ आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि आसपासचे डोंगर दगडखाणींनी पोखरलेले. खाणीत वा क्रशरवर राबलेल्या माणसाच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ साचून सिलिकोसिस होतो. त्याची सावली क्षयासारखी दिसू शकते. शिवाय अशा फुफ्फुसात क्षयही सहज शिरतो. एकाला दुसरा समजून महिनोन्महिने औषधे चालली, तर धूळ मात्र तशीच आत जात राहते. ही धूळ बाहेर काढणारे औषध नाही. म्हणून हा तज्ज्ञ प्रथम विचारतो, ‘काम काय करता? आधी काय करत होता?’ सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला व्यावसायिक रोग आहे, त्यामुळे अचूक निदानाला कागदावरही किंमत आहे.

दम्याचे वेगळेच. एक्स-रे स्वच्छ आणि रात्री छातीत घरघर! येथे स्पायरोमेट्री लागते : छातीभर श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावरून नळ्या आकसल्या आहेत का ते कळते. ‘पंपाची सवय लागते’ हा समज सोडून द्यावा. तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा पंपातले औषध कितीतरी कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते.

प्रत्येक खोकल्याला तज्ज्ञ लागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर आधी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासावी. ती तपासणी मोफत आहे. थुंकीतून रक्त आले, जिना चढताना धाप वाढत गेली किंवा क्षयाचे उपचार पूर्ण होऊनही खोकला राहिला, तर मात्र वेळ दवडू नये. जाताना जुने सर्व एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्यावेत, आजवरच्या कामांची यादी करावी, आणि पंप वापरत असाल तर तोही सोबत ठेवावा. तो कसा ओढता, हे डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा.