‘बसेल अशी पिन द्या’

जुलै लागला की आपल्या काउंटरवर एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेतून पदवी घेऊन जर्मनीला नाही तर अमेरिकेला निघालेला मुलगा, सोबत वडील. उलट बाजूने सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा-इंग्लंडहून आलेली मंडळी. मागणी दोघांचीही एकच: “यात बसेल अशी पिन द्या.” आपण युनिव्हर्सल ॲडॉप्टर पुढे सरकवतो, पैसे घेतो आणि विषय मिटतो. तो इतक्यात मिटवू नका, एवढंच या अंकाचं सांगणं आहे.

ॲडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिका-कॅनडात १२०, जपानात १००. फोनच्या चार्जरला याचं सहसा वावडं नसतं. आलेला एसी तो आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा स्विच करून आउटपुट हवं तेवढंच राखतो. अंगावर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलेलं असलं की तो या सगळ्या देशांत चालतो. पण त्याच ॲडॉप्टरला उद्या कॅनडाहून आणलेला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर लागतो. २३० वर त्याची कॉइल साडेतीन पटीहून जास्त वॅट ओढू पाहते आणि जळते. उलट, इथली इस्त्री अमेरिकेत जेमतेम पाव ताकदीवर कोमट होते.

दुसरी बाब अर्थिंगची. परवा एक स्वस्त ॲडॉप्टर टेबलावर घेतला. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब अर्थच्या भोकात घातला, दुसरा अर्थच्या पिनेला टेकवला. बीप आलाच नाही. उघडून पाहिलं, तर भोक होतं, आत पितळी पट्टीच नव्हती. चौकोनात चौकोन छापलेल्या दोन पिनी चार्जरचं अर्थवाचून अडत नाही. लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरचं अडतं. अर्थ तुटला की धातूच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या येऊ शकतात. जर्मन सॉकेटात अर्थ कडेच्या दोन क्लिपांवर मिळतो. तिथे जाणाऱ्याला त्या क्लिपांना टेकणारा, त्याच देशाचा ॲडॉप्टर द्या.

याच प्रवाशाला पॉवर बँक विकताना तो हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. विमानाच्या चेक-इन सामानात तो चालत नाही. विनापरवानगी मर्यादा १०० वॅट-अवरची. २०,००० एमएएचचा पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ भरतो, म्हणजे मर्यादेत बसतो.

तेव्हा ॲडॉप्टर पिशवीत घालण्याआधी दोन कामं करा. ‘यावर काय काय लावणार?’ हे विचारून त्या वस्तूंवरची इनपुटची ओळ वाचा, आणि गिऱ्हाईकासमोरच मीटरचा बीप ऐकवा. मिनिटभराचं काम आहे. वस्तू बदलून घ्यायला तो मुलगा फ्रँकफर्टहून आपल्या काउंटरवर येणार नाही.