डोंगरवाटेची मॅरेथॉन आणि माघारीचे शहाणपण

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. एवढे अंतर सपाट डांबरी रस्त्यावर धावायचे म्हटले तरी भल्याभल्यांना घाम फुटतो. पण हल्ली तेच अंतर घाटवाटा, रान आणि गडकिल्ले यांतून धावण्याची हौस वाढते आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या शर्यतीचे नाव आता आपल्या मालवण-कुडाळच्या तरुणांच्या तोंडीही ऐकू येते. हौस उत्तमच आहे. दिवसभर मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण तपासणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला कोणी धावतो असे कळले की आनंदच होतो. माझा आक्षेप आहे तो ‘काहीही झाले तरी पूर्ण करायचीच’ या हट्टाला.

शर्यत पंधरा दिवसांवर आली की असा एखादा तरुण नडगी धरून दवाखान्यात येतो. ‘‘डॉक्टर, गोळी देवा, पण थांबाक सांगू नकात,’’ हे त्याचे पहिले वाक्य. मी त्याची नडगी बोटाने दाबून पाहतो. दुखणे लांबवर पसरलेले असेल तर बहुधा स्नायू व अस्थिआवरणाचा ताण असतो. विश्रांतीने बरे वाटते. पण एकाच जागी बोट ठेवताच तो कळवळला, रात्री झोपेतही ठणका लागत असला, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा लागतो. ही चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. त्यामुळे ‘फोटोत काही नाही’ म्हणून धावणे सुरू ठेवणे धोक्याचे. बारीक चिरेचे पुढे सरळ मोडलेले हाड होऊ शकते.

असे का होते? नियमित सरावाने दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायुबंध मजबूत व्हायला मात्र महिने लागतात. छाती म्हणते ‘चल’, आणि पाय अजून तयार नसतात. म्हणून आठवड्याचे अंतर हळूहळू वाढवावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी धावावे.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाची आणखी एक अडचण आहे. त्याचा सराव पुळणीवर किंवा सपाट रस्त्यावर होतो. पुळण एका बाजूला उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने रोज धावल्यास एका पायावर जादा ताण येतो. शिवाय डोंगरात खरी परीक्षा चढणीपेक्षा उतरणीची असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. यावर उपाय घराजवळच आहे. सड्यावर जाणारी एखादी पाखाडी धरा. आठवड्यातून दोनदा चढा आणि तितक्याच सावकाश उतरा. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या चिऱ्यांवर धावू नये.

मी स्वतः पन्नाशीनंतर धावू लागलो. पहिल्या डोंगरी शर्यतीच्या तयारीत कातळावर माझा घोटा मुरगळला. पहिले दोन-तीन दिवस बर्फाचा शेक, पट्टी आणि पाय उंच ठेवणे, मग हळूहळू चालणे, मग दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम, असे सहा आठवडे गेले. त्या वर्षीची शर्यत सोडली, पुढच्या वर्षी पूर्ण केली. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर तेल चोळत न बसता एक्स-रे काढावा.

प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी काही गोष्टी जिवावर बेततात. पहिली, वेदनाशामक गोळी. अंगातले पाणी कमी झालेले असताना अशी गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. दुसरी, उष्णता. आपल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड होत नाही. धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला ताबडतोब सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे. तिसरी, नुसते पाणी ढोसणे. २००२ साली बोस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले. म्हणून तहानेपुरते प्यावे. लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली तर तो स्नायू झिजल्याचा इशारा समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्या जिल्ह्यापुरता एक मुद्दा फार महत्त्वाचा. शर्यतीनंतर पोटऱ्या दुखणारच, असे समजून माणूस गप्प बसतो. पण पावसाळी मळ्यांतून, व्हाळांतून खरचटलेल्या पायांनी धावल्यानंतर आठ-दहा दिवसांनी ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले, तर तो लेप्टो असू शकतो. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ साली माकडतापाची साथ झाली होती. त्या रानातून धावल्यावर अंगावर गोचिडी आहेत का ते पाहावे. ताप आल्यास ‘मी रानात धावलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचाराची दिशा त्या एका वाक्याने बदलते.

आता हार-जितीविषयी. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताचे दोन मराठी मुलखातले धावपटू उतरले. अंतर आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९ वे आले. सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. म्हणून काय दातार भारताच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉन धावपटूंतून वगळले गेले? शंभर वर्षांनंतरही दोघांची नावे शेजारी शेजारीच लिहिली जातात.

म्हणून माझे सांगणे असे. चाळिशी उलटलेल्यांनी, किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी, आधी तपासणी करून घ्यावी. आपण कोणत्या लक्षणाला थांबणार हे शर्यतीच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून घरच्यांना सांगावे, कारण तिसाव्या किलोमीटरला डोके ठिकाणावर असेलच असे नाही. आणि गाववाल्यांनी, मित्रमंडळींनी अर्ध्यातून परतलेल्याला ‘रे, पळालंस मा?’ असे हिणवू नये. कित्येकदा त्या एका टोमण्याच्या भीतीनेच माणूस मोडका पाय ओढत पुढे जातो. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो. त्यावर चढायला आपले गुडघे, मूत्रपिंड आणि हृदय शाबूत हवे.