ऊस थांबेल, आबा!



आपल्या गटातील एक वडीलधारे सभासद तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी ठाण्याला, वर्तकनगरात लेकीकडे निघाले आहेत. परवा गट ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, ऊस तुटल्यावर गेलो तर?"

नाही चालणार, आबा. तोड पंधरा दिवस लांबली तर वजनात थोडी घट येईल, एवढेच. दुखणे काही तोडणी कार्यक्रम बघून वाढत नाही.

वर्तकनगरहून बसने ठाणे स्टेशन, तिथून परळला लोकल. फास्ट गाडी परळला थांबत नाही, स्लोच धरा. टाटा रुग्णालय तिथे १९४१ पासून उभे आहे. तुम्हाला शेक सांगितला आहे ना? तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा काही आठवडे देतात. एका वेळेला काही मिनिटेच लागतात आणि देताना दुखत नाही. पुढे तोंड येते, घास गिळवत नाही. नेमके तेव्हाच माणूस गावी परतायला बघतो. तिथे टिकायचे, आबा. त्रास डॉक्टरांना सांगायचा, पण पाळी चुकवायची नाही.

शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि २०१४ पर्यंत ते खाते सांभाळले. प्रत्येकाचे दुखणे सारखे नसते, मान्य. पण आधीच हाय खाऊ नका.

भेटायला जाणाऱ्यांनी मात्र अमका गेला, तमका गेला हे पुराण लावू नये. (तंबाखूची पिशवीही घरीच ठेवावी.) त्यापेक्षा आबांच्या उसाला पाणी कोण देणार, जनावरांच्या धारा कोण काढणार, ते गट ऑफिसात येऊन सांगा. शनिवारचे पाणी मी बघतो.